पान ७३७, आणि पान उलटल्यावर

"वाचून झाला, काकू," म्हणत तिनं फोन माझ्यापुढं धरला. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी तिच्या वाट्याला वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ सालचा पेपर आला होता. जीवशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण इमारतीतल्या कुठल्याही पोराचा सेमिनार आधी माझ्या जेवणाच्या टेबलावर होतो. मी विचारलं, "काय आवडलं त्यातलं?"

तिला प्रश्नच कळेना. "आवडलं म्हणजे? डीएनएचं स्ट्रक्चर आहे ते. बारावीतच झालंय सगळं. आणि पेपर आहे हो, कविता थोडीच आहे! रसग्रहण दहावीत करून संपलं."

मी म्हटलं, "बस. चहा टाकते."

सुमारे नऊशे शब्द, एक चित्र, सहा संदर्भ. 'नेचर'च्या २५ एप्रिल १९५३ च्या अंकात पान ७३७ वर सुरू होतो आणि पुढच्या पानावर संपतो. वर्तमानपत्रातला रविवारचा लेखही याहून लांब असतो. हिनं तो अडीच मिनिटांत 'वाचला' होता, त्यातली दोन मिनिटं चॅटजीपीटीनं सारांश करण्यात गेली असावीत. पण तिला बोलायचा मला हक्क नाही. मी माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधात हाच पेपर संदर्भयादीत घातला होता, एक अक्षरही न वाचता. दुसऱ्या कुणाच्या तरी यादीतून खंड क्रमांक, पान क्रमांक जसेच्या तसे उतरवून घेतले, झालं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक सज्जन होते. त्यांनी यादीवरून बोट फिरवत एवढंच विचारलं, "ह्यात चित्र कुणी काढलंय?" मी गप्प. त्यांनी पुढचं पान उलटलं. त्या गप्प बसण्याची लाज वाटून मी पेपर शोधायला निघाले, आणि सापडला तेव्हा कळलं की चित्र कुणी काढलं हे पेपरात लिहिलेलंच नाही. ते ओडील क्रिक यांनी काढलं, फ्रान्सिस क्रिक यांच्या पत्नीनं. त्या चित्रकार होत्या. जगातल्या सगळ्या पाठ्यपुस्तकांत नक्कल झालेलं ते चित्र, आणि त्याखाली चित्रकर्तीचं नाव नाही. परीक्षकांचा प्रश्न मला वाटला त्याहून बेरकी होता.

शोधण्याची गोष्ट आधी सांगते, कारण ह्या पेपरात शोधणं आणि वाचणं वेगळं काढता येत नाही.

आजचा विद्यार्थी गूगल स्कॉलरवर जाऊन 'डीएनए डबल हेलिक्स' असं टाकतो. त्या शोधात हजारो पेपर येतात, आणि ज्यानं हे सगळं सुरू केलं त्याच्या शीर्षकात यातला एकही शब्द नाही. 'डबल हेलिक्स' हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी रुळलेला. पेपर म्हणतो, एकाच अक्षाभोवती गुंडाळलेल्या दोन सर्पिल साखळ्या. शीर्षकात 'डीऑक्सिरायबोज न्यूक्लिक ॲसिड' आहे, आज आपण लिहितो तसं 'डीऑक्सिरायबोन्यूक्लिक' नाही. त्याच अंकात लगेच पुढं छापलेल्या दुसऱ्या पेपरात त्याच पदार्थाला 'डीऑक्सिपेंटोज न्यूक्लिक ॲसिड' म्हटलंय, आणि तिसऱ्यात 'सोडियम थायमोन्यूक्लिएट'. एकच पदार्थ, सलग पाच पानं, तीन नावं. म्हणजे जुना पेपर शोधायचा तर त्या काळातले लोक त्या वस्तूला काय म्हणत होते ते आधी ठाऊक पाहिजे. जुन्या मुंबईत नातेवाइकाचं घर शोधताना नवं नाव सांगून चालत नाही, तिथले लोक अजून ज्या नावानं चाळ ओळखतात ते सांगावं लागतं, तसं.

आम्ही कार्डं लिहायचो. 'रीप्रिंट रिक्वेस्ट' असं छापलेलं पोस्टकार्ड, त्यात रिकाम्या जागी पेपरचं नाव भरायचं आणि परदेशातल्या लेखकाला टाकायचं. दीड-दोन महिन्यांनी तपकिरी पाकीट यायचं, कधी वर सही असायची. विभागातली मुलं त्या पाकिटावरच्या तिकिटासाठी भांडायची. आता ती गंमत नाही, पण सोय तीच आहे: पैसे मागणाऱ्या संकेतस्थळावर अडकलात तर लेखकाला दोन ओळींची मेल टाका, बहुतेक जण पीडीएफ पाठवतात. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आल्यावर सरकारी विद्यापीठांतल्या आणि संस्थांतल्या मुलांना सुमारे १३,००० जर्नल्स उघडी झाली. हिचं कॉलेज खाजगी, त्यामुळं ही अजून दाराबाहेर उभी. सुदैवानं हा पेपर 'नेचर'नं सगळ्यांना फुकट वाचायला ठेवलाय.

तर तिच्या फोनवर पेपर होता, दोन पानांची पीडीएफ. मी वाचला तो लायब्ररीतल्या बाउंड व्हॉल्यूममध्ये. काळं रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरांत १७१, उघडला की धुळीचा आणि सरसाचा वास. ह्या दोन वाचनांत काय फरक पडतो, ते शेवटी येईल.

आधी शीर्षक. मोठ्या अक्षरांत 'न्यूक्लिक आम्लांची रेण्वीय रचना', खाली उपशीर्षक. त्या उपशीर्षकात एका अक्षराचा शब्द आहे, इंग्रजीतलं 'अ'. अ स्ट्रक्चर. 'द' नाही. मराठीत आपल्याकडं ही उपपदं नाहीत, म्हणून आपण 'डीएनएची रचना' असं भाषांतर करून मोकळे होतो आणि सगळी मजा सांडून जाते. खरं भाषांतर 'डीएनएसाठी एक रचना' असं होईल: अशी एक असू शकते, आणखीही असतील, ही आमची. ज्या दोघांना मनातून पुरती खात्री होती की कोडं सुटलंय, त्यांनी मथळ्यात 'एक' म्हणावं! पहिल्या वाक्याचं क्रियापदही त्याच घराण्यातलं. सिद्ध करतो, दाखवतो, जाहीर करतो, यातलं काहीच नाही. सुचवू इच्छितो, एवढंच. लग्नाच्या बोलणीत मुलाकडची मोठी माणसं 'एक विचार मनात आला होता' म्हणतात तेव्हा मुहूर्त आधीच काढून झालेला असतो.

लगेच दुसऱ्या परिच्छेदात कुस्ती. लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी एक रचना मांडली होती, तीन साखळ्यांची. फॉस्फेट आत, अक्षाजवळ, आणि बेस बाहेर. पॉलिंग म्हणजे त्या काळचा रसायनशास्त्रातला वस्ताद. त्याला हे दोन पोरगे कसे खाली घेतात पाहा. आधी आभार: आपलं हस्तलिखित प्रसिद्धीपूर्वी पाहायला दिलं हा त्यांचा मोठेपणा. मग दोनच हरकती. पहिली अशी, की क्ष-किरणांखाली जो पदार्थ ठेवतात तो आम्ल नसून आम्लाचा क्षार आहे असं आम्हाला वाटतं. मग आम्लातला हायड्रोजन नसताना ही तीन पेडं धरून कोण ठेवणार? शिवाय मधोमध ऋणभारित फॉस्फेट एकमेकांना ढकलतील. दुसरी हरकत अशी की काही अणू एकमेकांच्या फारच जवळ आलेत. बस्स. आवाज चढवलेला नाही, विशेषण नाही. मी हे वर्गात सांगताना म्हणायची, पॉलिंगनं तिपेडी वेणी घातली पण वेणीला रिबन कुठं बांधणार ते सांगितलं नाही.

त्यानंतरचा तुकडा मला पेपरभर सगळ्यात दुष्ट वाटतो. फ्रेझर नावाच्या संशोधकानंही तीन साखळ्यांची रचना सुचवली होती, त्याचा पेपर छपाईच्या वाटेवर होता. हे दोघे त्याच्याबद्दल जवळजवळ एवढंच म्हणतात की मांडणी जरा अस्पष्ट आहे, सबब आम्ही तिच्यावर काही बोलणार नाही. पॉलिंगला दोन हरकतींचा मान मिळाला, ह्याला हरकतही मिळाली नाही. नाटकाच्या परीक्षणात 'इतरांची कामंही ठीक' असं वाक्य येतं ना, तेच.

मग स्वतःची रचना. इथं गद्य बदलतं. वाद संपतो आणि एखादा सुतार माप सांगावं तसं ते सांगू लागतात. दोन साखळ्या, दोन्ही उजव्या पिळाच्या, पण एक चढती तर दुसरी उतरती. फॉस्फेट बाहेर, बेस आत. फर्बर्गनं आधी केलेल्या एका मॉडेलशी ह्यातला काही भाग जुळतो, असं त्याचं श्रेयही देऊन टाकतात. प्रत्येक पायरी ३.४ अँगस्ट्रॉम उंच. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. प्रत्येक पायरीला ३६ अंशांचं वळण. दहा पायऱ्यांनी एक पूर्ण फेरा, म्हणजे ३४ अँगस्ट्रॉम. अक्षापासून फॉस्फरस १० अँगस्ट्रॉमवर. हिशेब तोंडी करता येतो: दहा छत्तीस, तीनशे साठ. वाड्यातला गोल जिना बांधणाऱ्या गवंड्याला हा परिच्छेद वाचून दाखवला तर तो जिना बांधून देईल.

आणि ह्या मापांच्या शेजारी तेवढ्याच शांतपणे एक कबुली: छत्तीस अंश हे आम्ही गृहीत धरलंय. मोजलेलं काय आणि मानलेलं काय, हे वेगळं ठेवलंय. विद्यार्थ्यांना मी सांगते, पेन्सिल घ्या आणि पेपरातल्या प्रत्येक वाक्यावर खूण करा, हे पाहिलंय की मानलंय. ह्या पेपरात खुणा करून पाहा. 'मानलंय' किती भरतात ते पाहून दचकाल.

आता गाभा. आत तोंड करून बसलेले बेस जोडीनं धरलेले, एका साखळीतला एक, दुसरीतला एक. एक मोठा, एक छोटा, म्हणजे एक प्युरीन आणि एक पिरिमिडीन. दोन मोठे घेतले तर मावत नाहीत, दोन छोटे घेतले तर हात पोचत नाहीत. त्यातही ॲडेनीनचं फक्त थायमीनशी जुळतं, ग्वानीनचं फक्त सायटोसीनशी. पण हे कधी? तर बेस त्यांच्या सर्वाधिक संभाव्य रूपात असतील तर, रसायनाच्या भाषेत कीटो रूपात, ईनॉल रूपात नाही. ह्या 'तर'वर सगळा डोलारा उभा आहे, आणि ह्या 'तर'मागं एक माणूस आहे. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत हे बेस सर्रास ईनॉल रूपात काढलेले असत. वॉटसननंही पुस्तकातून तसेच घेतले आणि जोड्या चुकल्या. त्याच खोलीत बसणारा जेरी डोनोह्यू म्हणाला, पुस्तकं चूक आहेत. त्यावर रूप बदललं आणि जोड्या जुळल्या. पेपरात हे सगळं कुठं आहे? शेवटी आभारांत, डोनोह्यूच्या सततच्या सल्ल्याबद्दल आणि टीकेबद्दल, आणि तेही विशेषतः अणूंमधल्या अंतरांबाबत. बाकी काही नाही.

ती इथं मध्येच म्हणाली, "काकू, ग्वानीन-सायटोसीनमध्ये तीन बंध ना? ह्यात दोनच आहेत."

मला इतकं बरं वाटलं! अडीच मिनिटांच्या वाचनात हे दिसलं नव्हतं, चहाच्या दुसऱ्या कपाला दिसलं. हो, दोनच आहेत. पेपर नुसते बेसवरचे क्रमांक देतो, पहिल्याचं पहिल्याशी, सहाव्याचं सहाव्याशी. तिसरा बंध १९५६ साली दाखवला तो पॉलिंग आणि कोरी यांनी. तिपेडी वेणीवरून हरलेल्या माणसानं येऊन तिसरा धागा बांधून दिला. बारावीच्या पुस्तकात आपण जे 'वॉटसन-क्रिक मॉडेल' म्हणून पाठ करतो त्यात पॉलिंगचा हात आहे, हे मूळ पेपर वाचल्याशिवाय कळायचं नाही.

जोड्या सांगून झाल्यावर ते पुरावा म्हणून शारगाफ आणि वायट यांची मोजणी आणतात: कुठल्याही प्राण्याच्या डीएनएत ॲडेनीन जितकं तितकंच जवळपास थायमीन, ग्वानीन जितकं तितकंच सायटोसीन. रचना आधी मांडली आणि आकडे नंतर ठेवले. कीर्तनकार पूर्वरंगात सिद्धांत सांगून उत्तररंगात आख्यान लावतो तसा क्रम. खोलीत घडलं त्या क्रमानं पेपर लिहिलेला नसतो, वाचणाऱ्याला पटेल त्या क्रमानं लिहिलेला असतो. हे एकदा ध्यानात आलं की कुठलाही पेपर वाचताना आपण आपोआप विचारू लागतो, खरं आधी काय झालं असेल?

आणि मग येतो तो परिच्छेद, ज्याच्यासाठी मी हा पेपर पुनःपुन्हा वाचते. सगळे जण त्याच्या पुढच्या प्रसिद्ध वाक्यावर उडी मारतात. मी इथं थांबते.

आतापर्यंत प्रसिद्ध झालेली क्ष-किरणांची माहिती, ते म्हणतात, ह्या रचनेची कसून परीक्षा घ्यायला अपुरी आहे. स्थूलमानानं जुळते, पण अधिक काटेकोर निष्कर्षांशी ताडून पाहीपर्यंत रचना असिद्धच मानावी. त्यातले काही निष्कर्ष पुढच्या पेपरांत दिलेत. इथवर सगळं सोज्वळ. मग ते म्हणतात की रचना बेतली तेव्हा तिथं दिलेल्या निष्कर्षांचा तपशील आम्हाला ठाऊक नव्हता. ती मुख्यतः, पण संपूर्णपणे नाही, प्रसिद्ध झालेल्या माहितीवर आणि रेणूंच्या आकाराच्या तर्कावर उभी आहे.

'तपशील' हा शब्द पकडा. 'पण संपूर्णपणे नाही' हे तीन शब्द पकडा. आणि आता पेपरच्या अगदी तळाशी, आभारांत जा. तिथं दुसरा सांधा आहे: किंग्ज कॉलेजमधले विल्किन्स, फ्रँकलिन आणि त्यांचे सहकारी यांच्या अप्रकाशित निष्कर्षांच्या 'सर्वसाधारण स्वरूपाची' माहिती आम्हाला प्रेरक ठरली. वर 'तपशील' ठाऊक नव्हता, खाली 'सर्वसाधारण स्वरूप' ठाऊक होतं. दोन शब्द एकमेकांपासून लांब ठेवलेत, पण शिंप्यानं एकाच कापडातून बेतलेल्या बाह्यांसारखे नेमके जुळतात.

झालं होतं असं. १९५३ च्या जानेवारीअखेर विल्किन्सनी वॉटसनला एक क्ष-किरण छायाचित्र दाखवलं. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या हाताखाली रेमंड गॉसलिंग यांनी मे १९५२ मध्ये घेतलेलं, आज 'फोटो ५१' म्हणून ओळखलं जाणारं. फ्रँकलिनना ते दाखवल्याचं कळवलं नव्हतं. पुढं फेब्रुवारीत मेडिकल रिसर्च कौन्सिलसाठी तयार झालेला एक अहवाल मॅक्स पेरुट्झ यांच्याकडून क्रिकच्या हाती आला. त्यात फ्रँकलिननी काढलेली स्फटिकाची मापं आणि सममिती होती. त्या सममितीवरून क्रिकनं ताडलं की दोन साखळ्या उलट दिशांना धावतात. ह्याला 'सर्वसाधारण स्वरूप' म्हणायचं? मला विचाराल तर ह्याला तपशीलच म्हणतात. वाक्य खोटं नाही. पण अशा शब्दांची शिवण उसवून पाहायची सवय लागली की मग पेपर नुसता माहितीचा राहत नाही.

आणि शोध इथंही संपत नाही. पेपर म्हणतो, संपूर्ण तपशील अन्यत्र प्रसिद्ध करू. विद्यार्थी हे वाक्य ओलांडून जातात. ह्या 'अन्यत्र'चा माग काढलात तर १९५४ सालच्या रॉयल सोसायटीच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये पोचता. तिथं लेखकांचा क्रम उलटा, आधी क्रिक, मग वॉटसन. आणि तिथं त्यांनी मोकळेपणी मान्य केलंय की किंग्जच्या माहितीशिवाय आमची रचना तयार होणं फार अवघड, किंबहुना अशक्य झालं असतं. म्हणजे कबुली दिलीय, पण वर्षभरानं, वेगळ्या जर्नलमध्ये, जिथं 'नेचर'चे वाचक सहसा जात नाहीत. गूगल स्कॉलरच्या यादीत दोन्ही पेपर असतात. एक वरच्या बाजूला, एक कितीतरी खाली.

आता ते प्रसिद्ध वाक्य. जोड्या अशा ठरलेल्या असल्या तर त्यातून आनुवंशिक द्रव्याची प्रत कशी निघत असेल ते लगेच सुचतं, ही गोष्ट आमच्या नजरेतून निसटलेली नाही, अशा अर्थाचं. वॉटसनचा ह्याला विरोध होता, उद्या चूक ठरलो तर हसं होईल म्हणून; क्रिकला लांबलचक लिहायचं होतं. त्या दोघांच्या ओढाताणीतून हे एक वाक्य उरलं. विसाव्या शतकातला केवढा मोठा विचार, आणि तो नकाराच्या दाराआडून डोकावतो. आपल्या मराठीला हे नवीन नाही. पुण्यात एखाद्याचं गाणं उत्तम झालं तर म्हणतात, "वाईट नव्हतं." त्याहून मोठी दाद नाही. ह्या वाक्याला विनय म्हणावं की मिशीतलं हसू, ह्यावर आमच्या विभागात भांडणं झाली आहेत. मी मिशीतल्या हसूच्या बाजूची.

आता मी तिला म्हटलं, "पान उलट."

"पीडीएफ संपली काकू."

हेच ते. बाउंड व्हॉल्यूममध्ये पेपर संपत नाही. ७३८ वर हा संपतो आणि त्याच पानावर विल्किन्स, स्टोक्स आणि विल्सन यांचा सुरू होतो, मग ७४० वर फ्रँकलिन आणि गॉसलिंग यांचा. हाताला पुढचं पान लागतं, डोळा आपोआप खाली सरकतो. 'नेचर'नं तिन्ही पेपर मुद्दाम एकापाठोपाठ छापले, तो क्रमही काही निष्पाप नाही: आधी मॉडेल, मग जणू त्याला दुजोरा देणारे प्रयोग. वाचणाऱ्याला वाटतं, दोन हुशार पोरांनी विचार केला आणि प्रयोगशाळेनं शिक्का मारला. प्रयोग आधी झाले होते आणि मॉडेल नंतर, हे पानांच्या क्रमातून दिसत नाही. पण निदान तीन पेपर शेजारी तरी होते. शोधयंत्र त्यातला एक उचलून, शेजाऱ्यांपासून तोडून, आपल्या हातात ठेवतं.

तिला मी एक युक्ती दाखवली. ह्या पेपरचा डीओआय आहे १०.१०३८/१७१७३७ए०. शेवटच्या भागाकडं पाहा: १७१ हा खंड, ७३७ हे पान, 'ए' म्हणजे त्या पानावर सुरू होणारा पहिला मजकूर. 'नेचर'च्या जुन्या पेपरांचे क्रमांक असेच पानांवरून पडलेत. म्हणजे आकडा बदलला की पान उलटतं. ७३७ च्या जागी ७४० घाल.

तिनं घातलं. फोटो उघडला. तडा गेलेल्या काचेखाली काळ्या ठिपक्यांची तिरकी फुली. हाच तो फोटो ५१, फ्रँकलिनच्या स्वतःच्या पेपरात छापलेला. आजही कित्येक जण समजतात की तो कधी त्यांच्या नावानं प्रसिद्धच झाला नाही.

ह्या तिसऱ्या पेपराचं गद्य वेगळ्या जातीचं आहे. नखरा नाही, पदार्थाचं नाव जुनं, आर्द्रता किती असताना कुठलं रूप मिळतं ते आधी, मग मोजमाप, मग त्यातून निघतं तेवढंच आणि त्यापुढं काही नाही. खुणांची पेन्सिल इथं चालवली तर 'पाहिलंय' पुढं आणि 'मानलंय' मागं. पेपराचा मसुदा १७ मार्चला तयार होता, वॉटसन-क्रिकचं केंब्रिजमधलं मॉडेल कळण्याआधी. तो कित्येक वर्षांनी सापडला. छापताना शेवटाकडं एक वाक्य घातलं गेलं: आमच्या सर्वसाधारण कल्पना आधीच्या पेपरातल्या मॉडेलशी विसंगत नाहीत.

विसंगत नाहीत! इकडं पान ७३७ वाल्यांच्या नजरेतून काही निसटलेलं नाही, तिकडं पान ७४० वालीचं काही विसंगत नाही. दोन नकार समोरासमोर उभे. पहिला नकार आहे आपलं मोठेपण झाकायला, आणि ते झाकलं जात नाही. दुसरा लिहिला तेव्हा लिहिणारीला बहुधा पुरतं ठाऊक नव्हतं की मॉडेल तिच्याच मापांवर बेतलंय. त्यामुळं तो सरळ, प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच वाचताना घशात अडकतो. फ्रँकलिन १६ एप्रिल १९५८ ला वारल्या, ३७ व्या वर्षी. १९६२ चं नोबेल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळालं. २०२३ साली, सत्तर वर्षांनी, 'नेचर'मध्येच मॅथ्यू कॉब आणि नथॅनियल कम्फर्ट ह्या अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं पुन्हा वाचून मांडलं की फ्रँकलिनना लुबाडली गेलेली बिचारी म्हणू नका, चौघांतली बरोबरीची वैज्ञानिक म्हणा. मला ते पटतं. बिचारी म्हटलं की तिचा पेपर वाचायची गरज उरत नाही, नुसता फोटो दाखवून भागतं.

चहा केव्हाच निवला होता. ती फोन डोळ्यांजवळ नेऊन अगदी तळाशी सरकली. तिला आता आभारांचा चस्का लागला होता. इंग्रजी वाचत, मराठीत सांगत गेली: प्राध्यापक रँडल यांनी रस घेतला म्हणून त्यांचे, आणि चर्चा केल्याबद्दल डॉक्टर स्टोक्स, डॉक्टर विल्किन्स... आणि त्यांच्या आधी एक नाव.

"काकू, क्रिक? म्हणजे तेच क्रिक?"

"तेच."

तिनं पुन्हा आकडा बदलला आणि ७३७ वर परत गेली.